बॅकलाइट टेस्टर: ‘पॅनल गेलंय’ या वाक्यावरचा उतारा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एका छोट्या डबीचा आहे, जिला एलईडी बॅकलाइट टेस्टर म्हणतात, आणि तिच्या मागोमाग मागवलेल्या एलईडी पट्ट्यांचाही, पण आमच्या टीव्हीला काय झालं होतं ते सांगितल्याशिवाय ही डबी कशाला लागते तेच कळायचं नाही, त्यामुळे जरा लांबण लागेल. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचा: आवाज येतोय, चित्र नाही आणि टीव्ही एलसीडी जातीचा आहे (दुकानात ज्याला नुसतं एलईडी टीव्ही म्हणतात तो पण त्यातलाच), तर घ्या. ओएलईडी असेल तर अजिबात घेऊ नका, त्यात बॅकलाइट (म्हणजे पडद्यामागचा दिवा) नसतोच, प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो.

तर आमचा 43 इंची टीव्ही, सहा वर्षांचा. बातम्या चालू होत्या, अचानक स्क्रीन काळी ठिक्कर आणि बातम्या मात्र चालूच, निवेदिका बोलतेय. नवऱ्याने जे सगळे करतात तेच केलं, रिमोटचे सेल काढून परत घातले, रिमोट तळहातावर आपटला, टीव्हीला मागून थोपटलं. बंद करून चालू केला की क्षणभर कंपनीचं चिन्ह चमकायचं आणि परत अंधार, आवाज चालूच. चॅनल बदलले की आवाज बदलायचा, म्हणजे टीव्ही आतून नीट काम करतोय हे दिसत होतं, फक्त ते काम आपल्याला दिसत नव्हतं.

एक मेकॅनिक बोलावला. त्याने टीव्ही लावला, दोन मिनिटं बघितलं, पाठीमागे वाकून नुसता स्टिकर वाचला आणि म्हणाला, "ताई, पॅनल गेलंय, आता नवीनच घ्या." स्क्रू ड्रायव्हर पिशवीतून बाहेरसुद्धा आला नाही. मग सर्व्हिस सेंटरला फोन केला, तिथे तर बघायचा पण प्रश्न नाही, फोनवरच निदान, पॅनल बदलावं लागेल आणि त्यापेक्षा नवीन घेतलेला परवडेल. दोन ठिकाणी एकच उत्तर आलं की माणसाला ते खरं वाटायला लागतं, मलाही वाटलंच, नवीन टीव्ही शोधायला पण लागले होते.

मग टॉर्चची गोष्ट कळली. ज्याला कोणाला टीव्ही टाकून द्यायचाय त्याने आधी हे करा, फुकट आहे. खोलीत पूर्ण अंधार करा, टीव्ही चालू करून सेटिंगचा मेनू उघडा (हलतं चित्र नको, स्थिर आणि ठळक अक्षरं असलेलं काहीतरी हवं) आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरका धरून हळूहळू फिरवा. मला आधी काहीच दिसलं नाही, सरळ धरला की नुसती चमक येते, मग तिरका केला आणि भुतासारखी फिकट अक्षरं दिसली, आवाज, चित्र, नेटवर्क, सगळा मेनू जागच्या जागी. अंगावर काटा आला खरं सांगते. कारण एलसीडी पॅनलला स्वतःचा उजेड नसतोच, ते म्हणजे नुसता रंगीत पडदा, पाठीमागून येणारा उजेड कुठे सोडायचा आणि कुठे अडवायचा एवढंच त्याचं काम. अक्षरं दिसतायत म्हणजे पडदा हलतोय, पॅनल जिवंत आहे, मेन बोर्ड पण जिवंत आहे, फक्त मागचा दिवा विझलाय.

पण दिवा विझलाय म्हणजे नेमकं काय, इथे तीन संशयित असतात. एक, पॅनलच्या मागच्या एलईडीच्या पट्ट्या. दोन, त्या पट्ट्यांना करंट देणारा ड्रायव्हर, जो बहुतेक वेळा पॉवर बोर्डवरच असतो. तीन, मेन बोर्डकडून ड्रायव्हरला ‘लाव रे दिवा’ म्हणून जो सिग्नल जातो तो. आणि ह्यात गंमत अशी की पट्ट्या बदलायच्या तर अख्खं पॅनल उचलावं लागतं, जे सगळ्यात धोक्याचं काम, आणि ड्रायव्हर बदलायचा तर पॅनलला हात पण लावावा लागत नाही. म्हणजे आधी कळायला हवं दोष कुठे आहे. साधा मल्टिमीटर (व्होल्टेज वगैरे मोजायचा मीटर) इथे उपयोगाचा नाही, मी करून बघितलं, डायोडच्या सेटिंगवर तो जेमतेम दोन-तीन व्होल्ट देतो आणि पांढऱ्या एका एलईडीलाच 3 व्होल्टच्या आसपास लागतात, एका माळेत 24 असतील तर 72 लागणार. मीटर बिचारा काय करणार.

इथे ही डबी येते. हाताच्या तळव्याएवढी, भिंतीतल्या सॉकेटमधून वीज घेते, दोन वायरी, लाल आणि काळी, टोकाला सुईसारखे प्रोब आणि वर आकड्याची छोटी खिडकी. करते काय तर अगदी थोडा करंट सोडते आणि व्होल्टेज आपणहून लागेल तेवढं वाढवते, माझ्याकडची जवळजवळ 300 व्होल्टपर्यंत जाते, आणि एलईडी पेटला की तिथे थांबून किती व्होल्टला पेटला तो आकडा दाखवते. आपल्याला काही फिरवायचं नाही, काही सेट करायचं नाही. एका एलईडीला लावा की संपूर्ण माळेला लावा, तिचं ती बघून घेते. ही कल्पनाच मला फार आवडली.

आता उघडण्याआधीचं. हे मी हसत लिहू शकत नाही त्यामुळे नीट वाचा. टीव्हीचा प्लग काढला म्हणजे आत वीज नाही असं नसतं. पॉवर बोर्डवर एक मोठा गोल कंडेन्सर असतो (कपॅसिटर म्हणा, मेकॅनिक कंडेन्सरच म्हणतात), 230 व्होल्टच्या लाइनवर तो 325 व्होल्टच्या आसपास भरलेला असतो, काही सेटमध्ये त्याहून जास्त, 400 च्या घरात, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ भरलेलाच राहू शकतो, बोर्ड बिघडलेला असेल तर बराच वेळ. स्क्रू ड्रायव्हरने त्याची दोन टोकं जोडून ‘ठाक’ करणारे लोक व्हिडिओत दिसतात, तसं करू नका, टोकं जळतात, बोर्ड जातो आणि डोळ्यात ठिणगी गेली तर ते वेगळंच. मी प्लग काढून टीव्ही तासभर तसाच ठेवला आणि नंतरही मीटर डीसीवर लावून कंडेन्सरची टोकं मोजली, आकडा शून्याजवळ आल्यावरच हात घातला. ज्याला हे मोजता येत नाही किंवा मोजायची भीती वाटते त्याने टॉर्चची टेस्ट करून थांबावं, त्यात काही कमीपणा नाही.

मागचं झाकण काढणं सोपं आहे पण चिडचिड होते. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतून काही तरी फाटू शकतं, म्हणून मी पुठ्ठ्यावर टीव्हीची पाठ काढली आणि जो स्क्रू जिथला तिथेच टोचून ठेवला. सगळे काढले तरी झाकण निघेना, अर्धा तास गेला, मग केबल लावायच्या भोकांच्या पट्टीत एक बारीक स्क्रू लपलेला सापडला. हा असा एक असतोच बहुतेक. जोर लावण्याआधी तो शोधा.

आत बघून मला धक्काच बसला, जवळजवळ रिकामं असतं हो. एवढा मोठा टीव्ही आणि आत पत्र्यावर दोन हिरवे बोर्ड, दोन स्पीकर आणि खालच्या कडेला एक छोटा बोर्ड. मोठा कंडेन्सर आहे तो पॉवर बोर्ड, केबल जिथे लावतो तो मेन बोर्ड, आणि चपट्या रिबन ज्यातून पॅनलकडे जातात तो टी-कॉन. काही टीव्हीत हे सगळं एकाच बोर्डवर असतं. पॉवर बोर्डवरून दोन-चार वायरींचा एक गुच्छ पत्र्याच्या भोकातून आत जाताना दिसतो, तोच बॅकलाइटचा. त्याचा कनेक्टर बोर्डातून उपसला की पट्ट्या टीव्हीपासून सुट्या झाल्या, पॅनलला अजून हात पण लागलेला नाही.

त्या कनेक्टरला टेस्टर लावला, लाल प्लसला, काळा मायनसला. आकडा सरसर चढत जाऊन सगळ्यात वर अडकला, आणि उजेड काही नाही. वायरी उलट्या लावून बघितल्या, न जाणो मीच चुकले असेन, तरी तेच. म्हणजे माळ कुठेतरी तुटलीये, व्होल्टेज चढत राहतं पण करंटला वाटच नाही. ह्याच्या उलट सगळी माळ लख्ख पेटली असती तर पट्ट्या ठीक, दोष ड्रायव्हरकडे किंवा सिग्नलकडे, पॅनल उचलायची गरजच नाही. ज्या प्रश्नाला दोन जणांनी न बघता उत्तर दिलं होतं त्याचं उत्तर प्रोब टेकवल्यावर दहा सेकंदांत मिळालं. ह्या एका गोष्टीसाठी माझ्याकडून ह्या वस्तूला पूर्ण मार्क.

एकच एलईडी गेला तर अख्खी स्क्रीन काळी का, हा प्रश्न मला घरातल्या सगळ्यांनी विचारला. कारण ते एकामागोमाग एक ओवलेले असतात, जुन्या सजावटीच्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ जायची तसंच. आणि ड्रायव्हरला कळतं की करंट जात नाहीये, मग तो स्वतःच बंद होतो.

इथून पुढे पॅनल उचलणं. ह्या भागाला मी सगळ्यात जास्त घाबरले होते आणि घाबरायलाच हवं, चांगलं पॅनल मरतं ते इथेच. 43 इंचांची काच हातात घेतली की पापडासारखी वाटते, एका बाजूने उचलली की वाकते आणि वाकली की तडकते. आणि तिच्या कडेला ज्या पातळ पिवळट रिबन चिकटवलेल्या असतात, ज्यांच्यावर छोट्या चिप्स असतात, त्या काचेवरून किंचित जरी उपटल्या तर स्क्रीनवर उभी रेघ कायमची, त्या घरी परत चिकटत नाहीत. दोन माणसं हवीतच. आम्ही गादीवर स्वच्छ चादर टाकली, हातात मोजे, बांगड्या अंगठ्या सगळं काढलं, मुलाला दाराबाहेर उभं करून पहारा दिला, पंखा बंद. कडेची फ्रेम काढली, टी-कॉनच्या रिबन सोडवल्या, आणि मी आणि नवऱ्याने दोन दोन कोपरे धरून, ‘तीन म्हटलं की’ असं ठरवून काच उचलली आणि बाजूला सपाट ठेवली. लग्नात एवढा समन्वय नव्हता आमच्यात.

काचेखाली पांढऱ्या शीट असतात, आमच्यात तीन निघाल्या आणि खाली एक जाड पांढरी प्लॅस्टिकची प्लेट, उजेड पसरवायला. ह्यांचा क्रम आणि उलटसुलट बाजू चुकली तर उजेड डागाळलेला दिसतो, मी प्रत्येकीच्या कोपऱ्याचा फोटो काढून ठेवला. सगळ्यात खाली चकचकीत पांढरा कागद आणि त्याच्या भोकांतून डोकावणारे एलईडी, प्रत्येकाच्या डोक्यावर प्लॅस्टिकची छोटी गोल लेन्स. आमच्या टीव्हीत तीन पट्ट्या, प्रत्येकीवर आठ. आता एकेका पट्टीला टेस्टर लावला. पहिली 24 च्या जवळ पेटली, म्हणजे आठ गुणिले तीन, बरोबर. दुसरी 21 ला पेटली, म्हटलं असं कसं, नीट बघितलं तर एक दिवा अंधारात आणि बाकी सात चालू, म्हणजे तो आतून शॉर्ट झालेला, करंट त्याच्यातून तसाच पुढे जातोय. तिसरी पेटेचना. तिच्यावर एकेक एलईडी टोचून बघितला, चौथ्यावर आकडा वर जाऊन अडकला आणि लेन्स उचलून बघते तर मधोमध काळा ठिपका, जळलेला. हाच तो.

म्हणजे हा आकडा नुसता शोभेचा नाही, वाचता आला तर खूप सांगतो. आधी एका एलईडीचा आकडा बघून घ्या, काही पट्ट्यांवर 3 व्होल्टचे एलईडी असतात, काहींवर 6 चे, मग गुणाकार करा आणि कमी पडलं तर शॉर्ट किती ते कळतं.

आता कोणी म्हणेल जळलेल्या एलईडीची दोन टोकं जोडून टाकायची, माळ चालू होईल. होते चालू, काही दिवस. पण बाकीचे एलईडी त्याच वयाचे, त्याच उष्णतेत शिजलेले, एक गेला म्हणजे दुसरे रांगेत आहेत, आणि प्रत्येक वेळी काच उचलणार का? मी नाही उचलणार बाई. पूर्ण सेट बदला. एकच पट्टी नवीन टाकली तर तेवढाच भाग जास्त उजळ आणि वेगळ्या रंगाचा दिसतो ते वेगळंच.

पट्ट्यांचा अनुभव मात्र टेस्टरएवढा गोड नाही. पहिल्यांदा मी टीव्हीचं मॉडेल आणि इंच बघून मागवल्या, विकणाऱ्याने पण खुशाल ‘ह्या मॉडेलला चालतात’ असं लिहिलेलं होतं. आल्या त्या सात सात एलईडीच्या, 6 व्होल्टच्या, भोकांशी जुळेनात, कनेक्टर वेगळा. परत पाठवल्या, परत घेतल्या त्यांनी, पण त्यात दिवस गेले आणि तोवर पॅनल गादीवर, आणि आम्ही जमिनीवर झोपलो. नंतर कळलं की एकाच मॉडेलच्या टीव्हीत वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी पॅनल घातलेली असतात, त्यामुळे मॉडेल नंबरवर जाऊच नका. जुन्या पट्टीवर छापलेला लांबलचक नंबर असतो तो बघा, पॅनलच्या पाठीवरचा स्टिकर बघा, आणि लांबी, एलईडी किती, किती व्होल्टचे, कनेक्टर कुठल्या बाजूला, हे पट्टीवर मोजपट्टी ठेवून जुळवा. आणि म्हणजे अर्थातच, पट्ट्या हातात आल्याशिवाय पॅनल उघडं ठेवू नका, आम्ही केलं तसं. नंबर लिहून घ्या आणि परत बंद करून ठेवा.

दुसऱ्या वेळच्या बरोबर आल्या. लावायच्या आधी टेस्टरने तिन्ही पेटवून बघितल्या, सगळे 24 चालू, पण एकीवरची एक लेन्स पाकिटातच निखळून पडलेली. हे लक्षात नसतं आलं तर नंतर स्क्रीनवर एक पांढरा लख्ख गोळा दिसत राहिला असता, बऱ्याच जणांच्या टीव्हीवर असे पांढरे ठिपके येतात ते ह्यामुळेच, लेन्सचा गोंद उष्णतेने सुटतो आणि लेन्स खाली पडते. चिकटवताना ते झटपट चिकटणारे गोंद वापरू नका, त्यांच्या वाफेने लेन्सवर पांढरी साय धरते. दोन ट्यूब मिसळून करायचा तो इपॉक्सी थोडासा, फक्त लेन्सच्या पायांना, मध्ये नाही. पट्टीखालचा जुना चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि उष्णता वाहून नेणारी दुहेरी टेप लावली, पट्टी पत्र्याला नीट टेकलेली हवी कारण एलईडीची उष्णता त्या पत्र्यातूनच बाहेर जाते. नवीन सेटबरोबर आलेली टेप जागोजागी सुटत होती, तिचा एक मार्क कापला.

जोडणी उलट्या क्रमाने. झाकण लावण्याआधी टीव्ही चालू करून बघितला, कारण परत ते सगळे स्क्रू कोण काढेल, आणि चित्र आलं. मुलगा ओरडला, नवरा काहीच बोलला नाही, नुसता बसून जाहिरात बघत राहिला पूर्ण.

एक काम मी लगेच केलं ते तुम्हीही आजच करा, टीव्ही चांगला असला तरी. पिक्चर सेटिंगमध्ये ‘बॅकलाइट’ म्हणून एक आकडा असतो, आमचा पहिल्या दिवसापासून 100 वर होता, दुकानात चमकावा म्हणून बहुतेक. ‘ब्राइटनेस’ वेगळा, तो बऱ्याच टीव्हीत फक्त काळा रंग किती काळा ते ठरवतो, करंटला हात लावत नाही. बॅकलाइट 60 वर आणला, दोन दिवस अंधुक वाटलं, नंतर लक्षातही नाही. एलईडी मरतात ते उष्णतेने, आणि उष्णता येते करंटमधून. काही मेकॅनिक ड्रायव्हरमधला एक रेझिस्टर बदलून करंट कायमचाच कमी करतात, ते मला जमणारं नव्हतं, सेटिंगवर भागवलं. टीव्हीचं चित्र हळूहळू निळसर जांभळं व्हायला लागलं असेल तर ती पण ह्याच एलईडींची तक्रार असते, वरचा पिवळा थर जळत जातो, पिक्चर सेटिंगमध्ये रंग ओढूनताणून काही होत नाही.

टेस्टरच्या खोडी सांगते आता, नाहीतर म्हणाल जाहिरात करतेय. वायरी फारच बारीक आणि आखूड, एक प्रोबच्या मुळाशी पंधरवड्यात सुटली, मला परत सोल्डरचा डाग द्यावा लागला. कागदावरची माहिती कोणत्या भाषेत लिहिलीये तेच कळत नाही. प्रोबची टोकं जास्तच उघडी आहेत आणि लोड नसताना त्यावर 300 च्या घरात व्होल्टेज असतं, करंट थोडा असला तरी मला एकदा चांगला झटका बसला, बोट टोकाला लागलं होतं. मी आता टोकांवर प्लॅस्टिकची नळी चढवलीये, फक्त सुईचं टोक उघडं. चालू टीव्हीला तो कधीच लावायचा नाही, कनेक्टर बोर्डातून काढल्यावरच. आणि सगळ्यात मोठी मर्यादा, जी विकणारे सांगत नाहीत: हा अगदी थोड्या करंटवर एलईडी पेटवतो, टीव्ही त्याच्या कितीतरी पट देतो. त्यामुळे जो एलईडी थंड असताना ठीक आणि तापल्यावर सुटतो, तो ह्याच्यावर पास होऊ शकतो. टीव्ही पंधरा-वीस मिनिटं चालून मग काळा होत असेल तर ‘पेटले सगळे’ म्हणून निर्धास्त होऊ नका, पट्ट्या अजून संशयातच आहेत.

बाकी सगळ्या आजारांवर ही डबी म्हणजे औषध नाही, हे पण. लाल दिवाच लागत नसेल तर प्रश्न पॉवर बोर्डचा, तिथे मीटरने आधी स्टँडबायचे 5 व्होल्ट येतायत का बघतात, फ्यूज बघतात, डोकं फुगलेला कंडेन्सर दिसतो का बघतात, आणि फ्यूज उडालेला असेल तर नुसता नवीन टाकून उपयोग नसतो, पुढे काहीतरी शॉर्ट झाल्याशिवाय तो सहसा उडत नाही. चिन्हावर येऊन अडकत असेल, परत परत सुरू होत असेल तर सॉफ्टवेअर किंवा मेन बोर्डवरची मेमरी. चित्रात गडबड आहे पण मेनू स्वच्छ दिसतोय तर टीव्ही सोडा, केबल आणि बॉक्स बघा. उभ्या रेघा, अर्धी स्क्रीन वेगळी, हा टी-कॉन नाहीतर काचेवरच्या त्या रिबनींचा मामला, टी-कॉन बदलता येतो, रिबन घरी नाही. आणि फार जुना, जाड एलसीडी असेल ज्यात एलईडीऐवजी बारीक नळ्या असतात तर त्यातही चालू होऊन दोन सेकंदांत काळं होतं, टॉर्चने अक्षरंही दिसतात, पण तिथे हा टेस्टर चालत नाही, आणि नळी फोडू नका, आत पारा असतो.

नंतर दिराच्या टीव्हीला हेच झालं, अगदी तेच, आवाज आहे चित्र नाही, टॉर्चने अक्षरं दिसली. मला वाटलं आता मी तज्ज्ञ, पट्ट्या मागवूनच टाकू. बरं झालं आधी टेस्टर लावला, झाकण काढून कनेक्टरला टोचला आणि पत्र्याच्या फटींतून भसकन उजेड. पट्ट्या एकदम ठणठणीत, काच उचलायचं कारणच नाही. पॉवर बोर्ड काढून एका मेकॅनिककडे नेला, हा वेगळा, आणि त्याला ‘टीव्ही बघा’ न म्हणता ‘पट्ट्या बाहेरून पेटतात, ड्रायव्हरकडून व्होल्टेज येत नाही’ असं सांगितलं. त्याने वर बघितलं, चष्मा लावला, आणि भिंगाखाली ड्रायव्हरच्या कॉइलशी ड्राय सोल्डर दाखवला, गोल भेग पडलेली. डाग दिला, झालं.

त्यालाच विचारलं, मग सगळे पॅनल गेलं का म्हणतात हो? तो हसला, म्हणाला, मॅडम, मी काच उचलताना फुटली तर भरून कोण देणार, तुम्ही मला सोडणार का? खरंय त्याचं. पट्टी बदलायचं काम तासाभराचं आणि जोखीम अख्ख्या टीव्हीची, मग न उघडता नवीन घ्या म्हणणं सोपं. पण मग तसं सांगा ना, की दुरुस्त होईल पण काचेची हमी नाही, ठरवू दे गिऱ्हाईकाला. पॅनल जिवंत असताना मेलं म्हणून सांगायचं, ह्याचा राग अजून गेला नाहीये माझा.

टेस्टरला पाचपैकी चार, वायरींमुळे एक कापला. पट्ट्यांना तीन, उजेड छान आहे पण टेप आणि ती निखळलेली लेन्स. माझ्या कामाला पण एक कापायला हवा, शीट परत बसवताना एक केस आत राहिलाय, माझाच, डावीकडे खालच्या कोपऱ्यात, स्क्रीन पांढरी झाली की दिसतो. नवरा म्हणतो काढू या. मी म्हटलं, तू काढ.